ल्युटेशियमची नैसर्गिक किरणोत्सारिता कशी मोजावी: पावडर तोलण्यापासून अर्धायुष्य काढण्यापर्यंत

ल्युटेशियम या रेअर अर्थ धातूच्या १७६ वस्तुमानाच्या अणूंचं, म्हणजे ल्युटेशियम-१७६ या समस्थानिकाचं, अर्धायुष्य (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ) सुमारे ३,७०० कोटी वर्षं आहे. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. म्हणजे विश्वाच्या आरंभापासून या अणूंचा साठा जपून ठेवला असता तरी आजवर त्यातला चौथा हिस्साही विघटित झाला नसता. एवढा संथ ऱ्हास कॉलेजच्या प्रयोगशाळेत दोन-तीन दिवसांत मोजता येतो, कारण एक ग्रॅम धातूत अणूंची संख्या अफाट असते. त्यासाठी वाट पाहायची नसते. किती अणू आहेत ते तोलून काढायचं, सेकंदाला किती फुटतात ते मोजायचं आणि भागाकार करायचा.

भागाकार सोपा आहे. कस लागतो तो "सेकंदाला किती" हे खात्रीने सांगताना. डिटेक्टरने पकडलेली संख्या आणि नमुन्यात खरोखर झालेली विघटनं यांत मोठी तफावत असते, आणि ती भरून काढण्याची पद्धत हाच या लेखाचा गाभा आहे.

ल्युटेशियमच का?

रेअर अर्थ गटातली आणखीही काही मूलद्रव्यं निसर्गतः किरणोत्सारी आहेत. समॅरियमची सक्रियता ग्रॅममागे सुमारे १२५ बेक्वेरेल (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन), म्हणजे ल्युटेशियमच्या दुपटीहून जास्त. पण ते कमी ऊर्जेचे अल्फा कण सोडतं. ते नमुन्याच्या वरच्या अगदी पातळ थरातूनच बाहेर येतात आणि हवेतही फार लांब जात नाहीत. त्यासाठी निर्वात कक्ष आणि सिलिकॉन डिटेक्टर लागतो. लँथॅनममधून गॅमा किरण येतात, पण त्याचा किरणोत्सारी समस्थानिक जेमतेम ०.०९ टक्का असल्यामुळे सक्रियता ग्रॅमला एक बेक्वेरेलही भरत नाही. निओडिमियमच्या चुंबकात मोजण्याजोगं काही सापडणार नाही.

ल्युटेशियमची बाब वेगळी. नैसर्गिक ल्युटेशियममध्ये २.६ टक्के अणू १७६चे असतात, बाकीचे स्थिर १७५चे. ग्रॅममागे सुमारे ५३ बेक्वेरेल, म्हणजे मिनिटाला तीन हजारांवर विघटनं. जवळजवळ प्रत्येक विघटनात आधी एक बीटा कण सुटतो (कमाल ऊर्जा सुमारे ५९३ केईव्ही, म्हणजे किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट), आणि मग तयार झालेलं हाफ्नियमचं केंद्रक तीन पायऱ्या उतरतं: ३०७, २०२ आणि ८८ केईव्ही. प्रत्येक वेळी गॅमा किरण बाहेर पडतोच असं नाही. काही वेळा ती ऊर्जा अणूतल्या इलेक्ट्रॉनला मिळते. १०० विघटनांमागे ३०७चे सुमारे ९३.६, २०२चे ७८ आणि ८८चे १४.५ गॅमा मिळतात. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पुढे सारखे लागतील.

दोन गैरसमज आधीच दूर करतो. कर्करोगाच्या उपचारात वापरतात ते ल्युटेशियम-१७७. त्याचं अर्धायुष्य साडेसहा दिवसांच्या थोडं वर आहे. ट्रॉम्बेच्या 'ध्रुव' अणुभट्टीत १७६चं प्रमाण वाढवलेल्या ल्युटेशियमवर न्यूट्रॉनचा मारा करून ते बनवतात. आपला नैसर्गिक नमुना आणि ते औषध यांची धोक्याच्या दृष्टीने तुलनाच होत नाही. दुसरा गैरसमज मोनाझाइटबद्दलचा. केरळात चवरा आणि तामिळनाडूत मनवलकुरिची इथल्या वाळूत रेअर अर्थ असतात आणि ती वाळू किरणोत्सारीही असते, पण ते किरण मुख्यतः थोरियमचे आणि त्याच्या वंशजांचे. मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याखालचा विहित पदार्थ आहे, त्यामुळे वाळू गोळा करून घरी आणण्याच्या फंदात पडू नका. इथे लागतं ते शुद्ध, वेगळं केलेलं ल्युटेशियम.

साहित्य

९९.९ टक्के शुद्धतेचं ल्युटेशियम ऑक्साइड, ३० ते ३५ ग्रॅम. दोन इंच व्यासाचा आणि दोन इंच उंचीचा सोडियम आयोडाइड सिंटिलेटर (गॅमा शिरला की प्रकाश देणारा स्फटिक), मल्टिचॅनल ॲनालायझरसह (प्रत्येक नोंद ऊर्जेनुसार वेगळ्या चॅनलमध्ये टाकणारं यंत्र). शिशाच्या विटा. मिलिग्रॅमपर्यंत अचूक तराजू. चार सेंटिमीटर व्यासाच्या, सपाट तळाच्या, झाकणाच्या प्लॅस्टिक डब्या. सक्रियतेची पत्रिका असलेले सीलबंद गॅमा स्रोत: बेरियम-१३३ आणि सीझियम-१३७, किंवा त्यांऐवजी युरोपियम-१५२. हे स्रोत नियमाने संस्थेच्या ताब्यात असतात. पदार्थविज्ञान विभागात सहसा मिळतात. घरच्या छंदिष्टाकडे ते नसतील तर त्यांच्यावाचून काम होईल अशी पद्धतही पुढे दिली आहे.

धातूचा तुकडा मिळत असला तरी मी ऑक्साइडच घ्यायला सांगेन. पावडर हव्या त्या जाडीत पसरता येते, आणि जाडी बदलता येणं या मोजणीत फार मोलाचं आहे.

नमुना तयार करणं

रेअर अर्थ ऑक्साइड हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. बाटली उघडून थेट तोलली तर वजनात पाणीही मोजलं जातं, आणि तेवढी चूक थेट अर्धायुष्यात उतरते. म्हणून पावडर मुशीत घालून मफल भट्टीत ९०० ते १,००० अंश सेल्सिअसला दोन तास तापवा, डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड करा आणि लगेच तोला.

या कामात किरणोत्साराचा धोका नगण्य आहे. सांभाळायचं ते बारीक धूळ श्वासातून जाण्यापासून. मास्क लावा, पंखा बंद ठेवा, डबी भरून झाली की झाकणाच्या कडेला टेप मारा.

पाच डब्या भरा: २, ४, ६, ८ आणि १० ग्रॅमच्या. प्रत्येकीत थर हलक्या हाताने ठोकून सपाट करा. डबीवर वजन, तारीख आणि बाटलीवरचा लॉट क्रमांक लिहा.

गायगर काउंटरने काय साधतं

हाताशी फक्त गायगर असेल तर डबीचं झाकण काढून, पातळ खिडकीची नळी पावडरीच्या जवळ धरा (टेकवू नका). मोजणी बॅकग्राउंडच्या, म्हणजे नमुना नसतानाही येणाऱ्या मोजणीच्या, वर गेलेली दिसेल. मधे दोन मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा सरकवला की ती बरीच खाली येईल, कारण नळीला दिसत होते ते मुख्यतः बीटा कण. ल्युटेशियम किरणोत्सारी आहे हे विद्यार्थ्यांना दाखवायला एवढं पुरेसं आहे.

फरक खरा आहे की योगायोग, ते मात्र हिशेबाने ठरवा. समजा तासाभरात बॅकग्राउंड १,८०० आणि नमुन्यासह २,७०० मोजण्या आल्या. फरक ९००. त्यातली अनिश्चितता दोन्ही आकड्यांच्या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ४,५००चं वर्गमूळ, साधारण ६७. तेव्हा ९०० ± ६७. फरक अनिश्चिततेच्या तेरा पट आहे, शंकेला जागा नाही. हाच प्रयोग एका मिनिटात उरकला असता तर १५ ± ९ एवढंच हाती लागलं असतं, आणि त्यावरून ठामपणे काही म्हणता आलं नसतं.

अर्धायुष्य काढायला गायगर चालत नाही. ५९३ केईव्हीचा बीटा कण ल्युटेशियम धातूत फार तर ०.२ मिलिमीटर जातो. खालच्या थरातले बीटा आतच विरतात, आणि किती विरले याचा हिशेब नळी देत नाही. त्यासाठी गॅमाकडे वळावं लागतं.

ऊर्जेची पट्टी जुळवणं

सिंटिलेटर सुरू करून अर्धा तास तापू द्या. सोडियम आयोडाइडचा प्रकाश आणि फोटोमल्टिप्लायरचा गेन तापमानासोबत सरकतात, म्हणून खोलीतला एसी एक तर सतत चालू किंवा सतत बंद ठेवा. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कोणत्या ऊर्जेच्या किती नोंदी आल्या त्या आलेखात, प्रत्येक गॅमाचा एक उंचवटा (शिखर) दिसतो. मग सीझियमचं ६६२ केईव्हीचं शिखर आणि पोटॅशियमचं १,४६१चं शिखर शोधा. दुसऱ्यासाठी पोटॅशियम क्लोराइडची किलोभर पिशवी डिटेक्टरशेजारी ठेवली की पुरते. हे दोन बिंदू आणि ल्युटेशियमची २०२ व ३०७ची स्वतःची शिखरं मिळून चॅनल आणि ऊर्जा यांची रेषा आखा. पुढे प्रत्येक स्पेक्ट्रममध्ये ही दोन शिखरं त्याच चॅनलवर आहेत का ते पाहत राहा. सरकली असतील तर ती मोजणी टाकून द्या.

बॅकग्राउंड, आणि पावसाळा

डिटेक्टरभोवती शिशाच्या निदान पाच सेंटिमीटर जाडीच्या भिंती उभ्या करा. मग नमुन्याच्या जागी तशीच रिकामी डबी ठेवून बॅकग्राउंड घ्या. डबी न ठेवता घेतलेलं बॅकग्राउंड मी ग्राह्य धरत नाही.

कोकणात किंवा मुंबईत हे काम करणाऱ्यांनी पावसाळ्यात खास काळजी घ्यावी. हवेतल्या रेडॉनचे वंशज पावसाच्या सरीबरोबर जमिनीवर उतरतात आणि काही काळ आसपासचा गॅमा वाढतो. त्यातल्या शिसे-२१४च्या रेषा २९५ आणि ३५२ केईव्हीला आहेत, म्हणजे आपल्या ३०७च्या शिखराच्या दोन्ही बाजूंना. सोडियम आयोडाइडला २९५ आणि ३०७ वेगळे दिसत नाहीत. दुपारी कोरड्या हवेत घेतलेलं बॅकग्राउंड संध्याकाळच्या सरीत घेतलेल्या नमुन्यातून वजा केलं तर सक्रियता फुगेल. बंद खोलीत रात्रभर रेडॉन साचतो, तिथेही हीच अडचण. उपाय: एक तास नमुना, एक तास रिकामी डबी, पुन्हा नमुना, अशी आलटून पालटून मोजणी करा आणि मग बेरजा घ्या. वेळ दुप्पट लागतो, पण हवामानाचा प्रश्न जवळपास मिटतो.

मोजणी आणि जाडीची दुरुस्ती

डबी डिटेक्टरच्या तोंडापासून दहा सेंटिमीटरवर, मधोमध, घट्ट बसेल असा प्लॅस्टिकचा किंवा लाकडी स्टँड करा. अंतर फार महत्त्वाचं आहे. जवळ ठेवल्यास मोजण्या जास्त येतात, पण ३०७ आणि २०२चे गॅमा एकाच वेळी डिटेक्टरमध्ये शिरण्याची शक्यताही वाढते. तसं झालं की ती घटना ३०७च्या शिखरातून निसटून वर कुठेतरी नोंदली जाते. दहा सेंटिमीटरवर हा तोटा साधारण एक-दोन टक्क्यांवर येतो.

१० ग्रॅमच्या डबीतून ३०७च्या शिखरात सेकंदाला चारेक मोजण्या येतील असा माझा अंदाज. तीन तासांत ४० हजारांवर जातील. २ ग्रॅमच्या डबीला रात्रभर द्या. शिखराखालचा उतरता पाया दोन्ही बाजूंच्या चॅनलवरून आखून वजा करा.

आता पाचही डब्यांसाठी दर ग्रॅममागे सेकंदाला किती मोजण्या आल्या ते काढा. आकडे सारखे येणार नाहीत; वजन वाढेल तसे उतरत जातील. ल्युटेशियम जड मूलद्रव्य आहे, स्वतःचेच गॅमा स्वतः शोषतं. चार सेंटिमीटरच्या डबीत १० ग्रॅमला ३०७चा साधारण दहावा भाग जातो, २०२चा पाचव्या भागाच्या आसपास, आणि ८८चं तर विचारूच नका. म्हणून आलेखावर आडवं वजन, उभी प्रतिग्रॅम मोजणी मांडा, रेषा काढा आणि ती शून्य वजनापर्यंत मागे न्या. तिथे मिळणारा आकडा म्हणजे स्वशोषण नसलेल्या नमुन्याची मोजणी. थराची उंची वाढल्याने अंतरात पडणारा फरकही याच रेषेत सामावतो. शोषणाचे गुणांक कोष्टकातून काढून दुरुस्ती करता येते, पण पावडर किती दाबली गेली, सपाट होती का, हे कोष्टकाला ठाऊक नसतं. स्वतः मोजलेली रेषा मला जास्त विश्वासाची वाटते.

डिटेक्टरची कार्यक्षमता

३०७ केईव्हीचे शंभर गॅमा नमुन्यातून सुटले तर त्यांतले किती शिखरात नोंदले गेले? हीच कार्यक्षमता. त्याच स्टँडवर, त्याच दहा सेंटिमीटरवर बेरियम-१३३ ठेवा आणि ३५६ केईव्हीचं शिखर मोजा (१०० विघटनांमागे ६२ गॅमा). मग सीझियमचं ६६२ (१०० मागे ८५). पत्रिकेवरची सक्रियता आजच्या तारखेला आणायला विसरू नका: बेरियमचं अर्धायुष्य साडेदहा वर्षं, सीझियमचं तीस. दोन्ही बिंदू लॉग-लॉग कागदावर मांडून रेषा थोडी खाली ३०७पर्यंत वाढवा. युरोपियम-१५२ मिळालं तर आणखी बरं, त्याच्या २४५ आणि ३४४च्या रेषांमध्ये ३०७ नीट मधे येतो आणि रेषा बाहेर ओढावी लागत नाही.

स्रोताच्या पत्रिकेवर सक्रियतेची अनिश्चितता छापलेली असते. शिकवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या स्रोतांत ती बरीच मोठी असते. तुमचं अंतिम उत्तर त्याहून अचूक असू शकत नाही.

हिशेब

समजा सर्व दुरुस्त्यांनंतर ३०७च्या शिखरात ऑक्साइडच्या ग्रॅममागे सेकंदाला ०.३९० मोजण्या आल्या आणि कार्यक्षमता ०.९० टक्का निघाली.

सक्रियता = ०.३९० ÷ (०.००९० × ०.९३६) = ४६.३ बेक्वेरेल प्रतिग्रॅम ऑक्साइड.

ल्युटेशियम ऑक्साइडमध्ये वजनाने ८७.९ टक्के ल्युटेशियम असतं. अणुभार १७४.९७, १७६चं प्रमाण २.६ टक्के. त्यामुळे एक ग्रॅम ऑक्साइडमध्ये १७६चे अणू:

०.८७९ × ०.०२६ × ६.०२२ × १०^२३ ÷ १७४.९७ = ७.८७ × १०^१९.

ऱ्हासांक (एक अणू सेकंदाभरात विघटित होण्याची शक्यता) = ४६.३ ÷ (७.८७ × १०^१९) = ५.८८ × १०^-१९ प्रतिसेकंद.

अर्धायुष्य = ०.६९३ ÷ ऱ्हासांक = १.१८ × १०^१८ सेकंद. वर्षातल्या ३.१५६ कोटी सेकंदांनी भागलं की सुमारे ३,७३० कोटी वर्षं.

भूवैज्ञानिक आज जो ऱ्हासांक सर्रास वापरतात तो वर्षाला १.८६७ × १०^-११ आहे, म्हणजे ३,७१० कोटी वर्षं. खडकांचं वय काढण्याची ल्युटेशियम-हाफ्नियम पद्धत याच आकड्यावर उभी आहे. या आकड्यावर एकमत व्हायला फार काळ लागला. गेल्या शतकातल्या मोजण्यांत ३,५०० कोटींपासून ४,००० कोटींच्या पुढपर्यंत उत्तरं आली, आणि उल्कापाषाणांवरून काढलेला ऱ्हासांक पृथ्वीवरच्या खडकांवरून काढलेल्या ऱ्हासांकाशी जुळेना. निष्णात प्रयोगशाळांची उत्तरं इतकी फाकलेली पाहिली की स्वशोषण आणि एकत्र नोंदले जाणारे गॅमा किती दगा देऊ शकतात ते कळतं. म्हणूनच वर त्या दोन दुरुस्त्यांवर एवढा वेळ घालवला.

स्रोत नसतील तर: बेरजेच्या शिखराची पद्धत

दहा सेंटिमीटरवर जो उपद्रव होता, त्याचाच इथे उपयोग होतो. २ ग्रॅमची डबी डिटेक्टरला चिकटवून ठेवा. मधे दोन मिलिमीटर तांब्याचा पत्रा घाला. त्याने हाफ्नियमचे ५५ केईव्हीच्या आसपासचे क्ष-किरण जवळपास संपतात आणि ८८चे दोन तृतीयांश गॅमा अडतात. हे गरजेचं आहे, कारण ८८ आणि २०२ एकत्र आले की २९० होतात आणि ३०७च्या शिखरात मिसळतात. आता स्पेक्ट्रममध्ये ३०७ आणि २०२शिवाय ५०९ केईव्हीला तिसरं शिखर दिसेल: दोन्ही गॅमा एकदम पकडले गेले त्या घटनांचं.

बॅकग्राउंड वजा करून चार वेग काढा: ३०७चा, २०२चा, ५०९चा आणि संपूर्ण स्पेक्ट्रमचा एकूण. मग

सक्रियता = एकूण वेग + (३०७चा वेग × २०२चा वेग ÷ ५०९चा वेग).

कार्यक्षमता या सूत्रातून छेदली जाते, आणि गॅमांची टक्केवारीसुद्धा. प्रमाणित स्रोताशिवाय निरपेक्ष सक्रियता मिळते, हे मला या साऱ्या कामातलं सर्वांत सुंदर वाटतं. दोन पथ्यं पाळा. एकूण वेग शून्य ऊर्जेपासूनचा हवा, तेव्हा इलेक्ट्रॉनिक गोंगाटामुळे कापलेला खालचा तुकडा स्पेक्ट्रम मागे वाढवून भरून काढा. आणि ५०९च्या अगदी शेजारी ५११ केईव्ही आहे, जे पॉझिट्रॉनच्या विलयनातून बॅकग्राउंडमध्ये कायम असतं. इथे बॅकग्राउंड नमुन्याइतकाच वेळ घ्या, आणि सोडियम-२२चा स्रोत खोलीबाहेर ठेवा. दोन गॅमांच्या दिशांचा एकमेकांशी संबंध असतो, पण नमुना चिकटलेला असताना त्याचा परिणाम बराचसा पुसला जातो.

रुग्णालयातल्या पेट (PET) स्कॅनरमध्ये वापरतात तसा एलएसओ किंवा एलवायएसओ हा ल्युटेशियमयुक्त स्फटिक मिळाला तर आणखी एक वाट आहे. त्यात ल्युटेशियम सिंटिलेटरच्या अंगातच असतं, त्यामुळे बीटा कण सुटतो तिथेच प्रकाश पडतो आणि जवळजवळ प्रत्येक विघटन नोंदलं जातं. एलएसओमध्ये ७६ टक्के वजन ल्युटेशियमचं, म्हणजे ग्रॅममागे सुमारे ४० बेक्वेरेल. शिशाच्या आडोशात, नोंदीची खालची ऊर्जा-मर्यादा शक्य तितकी कमी ठेवून मोजलेला एकूण वेग थेट सक्रियतेच्या जवळ येतो. एलवायएसओमध्ये यिट्रियमचं प्रमाण उत्पादकागणिक बदलतं, ते विचारून घेतल्याशिवाय हिशेब करू नका.

उत्तर जुळलं नाही तर

दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर या क्रमाने तपासा. अर्धायुष्य फार मोठं आलं असेल, म्हणजे मोजण्या कमी पडल्या असतील, तर आधी पावडर तापवून तोलली होती का ते पाहा, मग शून्य वजनाकडे नेलेली रेषा, मग स्रोत आणि नमुना यांची अंतरं. अर्धायुष्य लहान आलं तर बॅकग्राउंड कोणत्या हवेत घेतलं ते बघा, आणि नमुन्याचा स्पेक्ट्रम २,६१४ केईव्हीपर्यंत तपासा. तिथे थोरियमच्या वंशजाचं शिखर बॅकग्राउंडपेक्षा उंच असेल तर पावडरीतच थोरियमचा अंश आहे, आणि बाटली बदलावी लागेल.